धूर, अग्नी आणि प्रवेशपरीक्षा

एक काळ असा होता की, कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी पदवी, थोडी फी आणि पहाटे उठण्याची तयारी एवढे भांडवल पुरत असे. सकाळच्या लॉ कॉलेजात हजेरी लावून पुढे वेळेवर कचेरीत सही करणारे कारकून आणि शिक्षक महाराष्ट्रातील शहरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यांपैकी काही नामांकित वकील झाले, काही न्यायासनावर बसले, आणि अनेकांनी पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून खात्यातील बढतीवर समाधान मानले. महाविद्यालयाच्या दाराशी त्यांना कोणी अडवत नसे. खरी गाळणी पुढे, न्यायालयाच्या आवारात लागत असे.

आता ती गाळणी दाराशी आली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८८ मध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी घेतली. त्या धर्तीवर राज्याराज्यांत विधी विद्यापीठे निघाली, आणि २००८ मध्ये त्यांतील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘क्लॅट’ ही सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू केली. आज वीसहून अधिक विद्यापीठांचे प्रवेश तिच्यावर होतात. महाराष्ट्रातील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठे त्यांत आहेत. राज्यातील इतर विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून शासनाची स्वतंत्र सीईटी आहे. या दोन्ही परीक्षांत एक विभाग असा आहे की, ज्याचे नाव ऐकताच बारावीचा विद्यार्थी बिचकतो आणि त्याचे पालक क्लासच्या चौकशीला लागतात. तो विभाग म्हणजे तार्किक विचार. ‘क्लॅट’च्या १२० प्रश्नांपैकी २२ ते २६ प्रश्न त्यावर असतात, राज्याच्या सीईटीत त्याचा वाटा चतुर्थांशाहून थोडा अधिकच आहे.

वकील होऊ पाहणाऱ्याची तर्कशक्ती तपासावी, यात गैर काहीच नाही. पाठांतर तपासण्यापेक्षा ते केव्हाही बरे. प्रश्न असा आहे की, जी गोष्ट आपल्या शाळा बहुतांश मुलांना शिकवत नाहीत, तिची परीक्षा घेऊन आपण नेमके कोणाला निवडतो? उपजत बुद्धी असलेल्यांना, की ज्यांच्या पालकांना ती गोष्ट बाजारातून विकत घेणे परवडते त्यांना? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके निराशाजनक नाही. कारण तार्किक विचार ही शिकता येण्याजोगी, आणि विशेष म्हणजे फुकट शिकता येण्याजोगी विद्या आहे. मात्र ती ज्या पद्धतीने विकली जाते, त्या पद्धतीने ती येत नाही.

‘क्लॅट’च्या तर्कविभागाचे स्वरूप २०२० पासून बदलले. त्यापूर्वी गोल टेबलाभोवती आठ माणसे कशी बसली आहेत, चित्रातील स्त्री रामरावांची कोण लागते, अमुक शब्द सांकेतिक लिपीत कसा लिहावा, असल्या कोड्यांचा भरणा असे. आता साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा देतात. त्यात कोणीतरी कसला तरी युक्तिवाद केलेला असतो, आणि त्याखालचे प्रश्न विचारतात की, लेखकाचा निष्कर्ष कोणता, त्याने न सांगता काय गृहीत धरले आहे, कोणत्या माहितीने त्याची बाजू बळकट होईल, कोणत्या माहितीने ढासळेल. हा बदल स्वागतार्ह होता. टेबलाभोवतीच्या आठ माणसांची बैठक लावण्यात वाकबगार असलेला मनुष्य उत्तम वकील होईल, असे मानण्यास कोणताही आधार नव्हता. समोरच्याच्या बोलण्यातील न बोललेला दुवा हुडकणे हे मात्र वकिलाचे रोजचे काम आहे.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या एका गावी नगरपरिषदेने भाजीबाजार मुख्य रस्त्यावरून गावाबाहेरच्या मैदानावर हलवला. पुढील तीन महिन्यांत मुख्य रस्त्यावरील अपघात निम्म्यावर आले. नगराध्यक्षांनी सभेत सांगितले की, अपघातांचे कारण भाजीबाजार हेच होते, हे आता सिद्ध झाले. आता प्रश्न असा: पुढीलपैकी कोणत्या माहितीने नगराध्यक्षांचा युक्तिवाद सर्वांत अधिक दुबळा होतो? पहिला पर्याय: बाजार हलवल्यामुळे भाजीविक्रेत्यांचे उत्पन्न घटले. दुसरा: नव्या जागी पाण्याची व दिव्याची सोय नाही. तिसरा: याच तीन महिन्यांत पुलाच्या दुरुस्तीमुळे मालमोटारी आणि एसटीच्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवल्या होत्या. चौथा: शेजारच्या गावातही भाजीबाजार मुख्य रस्त्यावरच भरतो.

हा प्रश्न मनाने उदार असलेल्या मुलांना घालावा. त्यांतील निम्मी तरी पहिल्या पर्यायाकडे ओढली जातील. भाजीवालीच्या पोटावर पाय आला, हे त्यांना खुपते, आणि खुपावेही. परंतु नगराध्यक्षांचे विधान अपघातांच्या कारणाविषयी आहे, बाजार हलवणे न्याय्य होते की नाही याविषयी नाही. पहिले दोन्ही पर्याय खरे असूनही येथे गैरलागू आहेत. चौथा पर्याय वरवर पाहता संबद्ध वाटतो. पण शेजारच्या गावात अपघात होतात की नाही हेच त्यात सांगितलेले नाही, त्यामुळे तो अर्धाच राहतो. तिसरा मात्र थेट मर्मावर बोट ठेवतो. नगराध्यक्षांनी मनातल्या मनात असे धरून चालले होते की, त्या तीन महिन्यांत बाजाराखेरीज दुसरे काहीच बदलले नाही. हे न उच्चारलेले गृहीत सापडले की, प्रश्न सुटल्यासारखाच असतो. आणि तिसऱ्या पर्यायाने तरी काय झाले? बाजारामुळे अपघात होत नव्हते, असे काही सिद्ध झाले नाही. बाजारामुळेच होत होते, हे सिद्ध झालेले नाही, एवढेच दिसले. युक्तिवाद दुबळा होणे आणि निष्कर्ष खोटा ठरणे यांतील हा फरक मुलांच्या गळी उतरवायला वेळ लागतो. तो एकदा उतरला म्हणजे पुढचे पुष्कळसे काम आपोआप होते.

क्लासमध्ये या ठिकाणी काय घडते? प्रश्नांचे पंधरा-वीस प्रकार पाडलेले असतात, प्रत्येक प्रकाराला एक युक्ती जोडलेली असते. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय खोडावा, सर्वांत लांबट पर्यायाकडे आधी पाहावे, उतारा न वाचता प्रथम प्रश्न वाचावेत, वगैरे. यांतील काही युक्त्या काही वेळा लागू पडतात, म्हणूनच त्या घातक आहेत. टोकाचा निष्कर्ष काढण्यासाठी उताऱ्यातच टोकाचे विधान असेल, तर बरोबर उत्तरही टोकाचेच असणार. युक्तीवर विसंबलेला विद्यार्थी तेथे नेमका फसतो, आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो तो वेगळाच.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याची समजूत असते की, ही सारी इंग्रजी शाळांतल्या मुलांची विद्या आहे. ही समजूत निराधार आहे. मराठीतील ‘च’ या एका अक्षराचेच पाहा. ‘फी भरलेल्यांनाच परीक्षेला बसता येईल’ आणि ‘फी भरलेल्यांना परीक्षेला बसता येईलच’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. ‘च’ने जागा बदलली आहे. पहिल्या वाक्यात फी ही आवश्यक अट आहे: ती न भरणारा बसू शकत नाही, पण भरणाऱ्याला बसू देतीलच असे आश्वासन नाही, हजेरी, वय, कागदपत्रे यांवरून त्याला अडवता येईल. दुसऱ्या वाक्यात फी ही पुरेशी अट आहे: ती भरली की बाकी काही विचारता येणार नाही, न भरणाऱ्याचे काय, याविषयी मात्र वाक्य मौन पाळते. आवश्यक आणि पुरेशी यांची ही गल्लत हा जगातील प्रत्येक तर्कपरीक्षेतील सर्वांत जुना सापळा आहे. सरकारी कचेरीतील अनुभवी कारकुनाला तो शिकवावा लागत नाही. परिपत्रकातील ‘च’, ‘खेरीज’, ‘अन्यथा’ आणि ‘किमान’ हे शब्द कोठे पडले आहेत यावर एखाद्याचे निवृत्तिवेतन अडते किंवा सुटते, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते. तोच कारकून घरी आल्यावर मुलीच्या हाती क्लासचे माहितीपत्रक देतो. स्वतःच्या टेबलावरचे जुने परिपत्रक देत नाही.

या गल्लतीची चिकित्सा आपल्याकडे फार पूर्वी झालेली आहे. न्यायदर्शनातील पर्वतावरच्या अग्नीचे उदाहरण ज्यांनी अण्णंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचला आहे त्यांना पाठ असते. पर्वतावर धूर दिसतो. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. येथवर ठीक. पण कोणी उलट म्हणू लागला की, पर्वतावर अग्नी आहे, म्हणून तेथे धूर असलाच पाहिजे, तर नैयायिक त्याच्यापुढे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतो. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर केव्हा होतो? अग्नीला ओल्या लाकडाची जोड मिळाली म्हणजे. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. नगराध्यक्षांच्या युक्तिवादात पुलाच्या दुरुस्तीने उघडे पाडलेले गृहीत याच जातीचे आहे. पुढे जाऊन त्यांनी हेत्वाभासांचे प्रकार लावले, आणि सत्यशोधनासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडत बसणारी वितंडा असे वादाचेही वर्ग केले. दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या चर्चा यांतील कोणत्या वर्गात मोडतात, हे वाचकांनीच ठरवावे.

हे सांगण्यामागे ‘आमच्याकडे सर्व काही होतेच’ असा गर्व मिरवण्याचा हेतू नाही. तो मिरवणाऱ्यांनीच ‘तर्कसंग्रह’ बहुधा उघडलेला नसतो. सांगायचे एवढेच की, १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत आथल्ये आणि बोडस यांनी ज्याची विस्तृत टीपांसह आवृत्ती सिद्ध केली, तो छोटासा ग्रंथ समजण्यासाठी कोणत्याही क्लासची पायरी चढावी लागत नाही. आणि त्यातील अग्नी-धुराची दहा पाने नीट समजलेली मुलगी आवश्यक व पुरेशा अटींच्या प्रश्नात सहसा चुकणार नाही.

कायद्याच्या व्यवहारात हा सारा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पाहावेत. दोन्ही महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांचे आहेत. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायालयाने बजावले की, आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि तो दोषी ‘असलाच पाहिजे’ या दोहोंमधील अंतर मोठे आहे, आणि तर्कटाला निश्चित निष्कर्षापासून वेगळे करणारे तेच अंतर आहे. १९८४ मध्ये शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी न्यायालयाने पाच तत्त्वांत बांधली. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ती केवळ आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हवी. तिचे स्वरूप निर्णायक हवे. दोषाखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता तिने वगळली पाहिजे. आणि साखळी इतकी पूर्ण हवी की, निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. ज्याला खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवले होते, तो आरोपी या कसोटीवर सुटला. परीक्षेतील ‘उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणते विधान सत्य असलेच पाहिजे’ हा प्रश्न आणि ‘कोणते सत्य असू शकेल’ हा प्रश्न यांत घाईने गफलत करणारा सतरा वर्षांचा मुलगा एक गुण गमावतो. न्यायालयात तीच गफलत झाली, तर जाणारी वस्तू गुणाहून फार मोठी असते.

येथपर्यंत परीक्षेची बाजू झाली. आता तिच्या दोषाविषयी बोलणे भाग आहे. ‘क्लॅट’ केवळ इंग्रजीतून होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि त्यांसाठी उतारे. साधा हिशेब केला तरी केवळ उताऱ्यांचेच वाचन आठ-दहा हजार शब्दांच्या घरात जाते. प्रश्न आणि प्रत्येकी चार पर्याय निराळेच. मिनिटाला एक प्रश्न या वेगाने परकीय भाषेत वाचणाऱ्या मुलाची तर्कशक्ती मोजली जाते, की वाचनाचा वेग? ज्याला भाजीबाजाराचा प्रश्न मराठीत अर्ध्या मिनिटात सुटतो, त्याला तोच इंग्रजीत दोन मिनिटांत सुटला, तर त्याचा तर्क चौपट कच्चा ठरत नाही.

याला एक उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. विधी विद्यापीठांतील अध्यापन इंग्रजीतून चालते, उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतून चालते. तेव्हा इंग्रजी येत नसलेल्यास प्रवेश देऊन त्याचे हित साधणार नाही. मान्य. पण त्यासाठी प्रश्नपत्रिकेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग आहेच. भाषेची परीक्षा भाषेच्या विभागात पुरेपूर घ्यावी. तीच तर्काच्या विभागात दुसऱ्यांदा, कायद्याच्या विभागात तिसऱ्यांदा कशासाठी? वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ मराठीसह तेरा भाषांत होऊ शकते. वैद्यकाचे शिक्षण काही मराठीतून चालत नाही. शिवाय आपल्या तालुका व जिल्हा न्यायालयांत साक्षी-पुरावे मराठीत होतात, आणि बहुसंख्य पक्षकारांचा संबंध त्याच न्यायालयांशी येतो.

परीक्षेचे साधन तपासले जाणे ही अनहोनी गोष्ट नव्हे. अमेरिकेत विधी शाळांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून ‘एलसॅट’ ही परीक्षा आहे, आणि तार्किक विचार हा तिचा कणा आहे. तिच्यात ‘लॉजिक गेम्स’ म्हणून ओळखला जाणारा कोड्यांचा एक विभाग होता. ती कोडी सोडवण्यासाठी आकृत्या काढाव्या लागत. अंध परीक्षार्थींनी तक्रार केली की, येथे तर्काऐवजी आकृती काढण्याची क्षमता मोजली जाते. प्रकरण न्यायालयात गेले, २०१९ मध्ये समझोता झाला, आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग वगळून त्याच्या जागी तार्किक युक्तिवादाचा आणखी एक विभाग आला. अंधत्व आणि भाषेची अडचण एकाच मापाने मोजण्याचा येथे उद्देश नाही. तथापि ‘जे मोजतो असे म्हणता, तेच मोजता का?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

हा प्रश्न परीक्षकांनी स्वतःलाही विचारण्याची गरज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘क्लॅट’ची उत्तरसूची न्यायालयात गेली, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने दोन प्रश्नांची अधिकृत उत्तरे चुकीची ठरवली, आणि प्रकरण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. चार हजार रुपये शुल्क घेऊन, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणाऱ्या परीक्षेत बरोबर उत्तर कोणते यावर न्यायाधीशांना बसावे लागावे, हे भूषणावह खचित नाही.

शासनाची सीईटी मराठीतूनही देता येते, आणि तिच्यात चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. या दोन्ही गोष्टींबद्दल तिला श्रेय दिले पाहिजे. मात्र तिच्या तर्कविभागात अजूनही मालिका, सांकेतिक लिपी आणि नातेसंबंध यांची कोडी असतात. २०२० मध्ये ‘क्लॅट’ने जे टाकून दिले, ते सीईटीने किती काळ सांभाळायचे? मराठी उताऱ्यांवर आधारलेला, युक्तिवादाची चिकित्सा करायला लावणारा तर्कविभाग काढणे अवघड नाही. मराठीत तसे उतारे लिहू शकणाऱ्या प्राध्यापकांचा तुटवडा अद्याप पडलेला नाही.

तोवर शाळा-महाविद्यालयांनी काय करावे? आपल्या राज्यात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय आहे, त्याचे मराठी पाठ्यपुस्तक आहे, आणि ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. विधान, युक्तिवाद, निगमन, विगमन, तर्कदोष: प्रवेशपरीक्षेला लागणारी संकल्पनांची बहुतेक सामग्री त्यात आहे. पण हा विषय प्रामुख्याने कला शाखेत घेतला जातो, आणि तोही सर्व महाविद्यालयांत नाही. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून कायद्याकडे वळणाऱ्या मुलांना तो आहे हेही ठाऊक नसते. महाविद्यालयाने आठवड्याला एक तास या विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवला, तर तर्कशास्त्राच्या शिक्षकाला विद्यार्थी मिळतील आणि विद्यार्थ्यांना क्लासची निम्मी फी वाचेल.

शाळांतील वक्तृत्व स्पर्धांकडेही या निमित्ताने पाहिले पाहिजे. ‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयावर सात मिनिटे न अडखळता बोलणाऱ्या मुलीला आपण ढाल देतो. तिने केलेल्या विधानांपैकी कोणत्या विधानाला आधार दिला आणि कोणते नुसतेच टाळ्यांसाठी फेकले, हे परीक्षक विचारीत नाहीत. बोलून झाल्यावर श्रोत्यांतील एका विद्यार्थ्याने उभे राहून तिचे एक न बोललेले गृहीत सांगायचे, आणि ते बरोबर सांगितले तर त्याला गुण, असा एकच नियम जोडून पाहावा.

विद्यार्थ्याने स्वतः करण्याजोगे काम साधे आहे, फक्त कंटाळवाणे आहे. रोज एक अग्रलेख किंवा वाचकाचे पत्र घ्यावे आणि वहीत चार ओळी लिहाव्यात: लेखकाला काय पटवायचे आहे, त्यासाठी त्याने कोणते आधार दिले, काय न सांगता धरून चालले, आणि कोणती एक माहिती कळली तर आपण त्याचे म्हणणे मागे ठेवू. प्रस्तुत लेखालाही ही कसोटी लावण्यास हरकत नाही. पहिले तीन महिने हे मराठीतच करावे, घड्याळ न लावता. नंतर इंग्रजी दैनिकातील लेख घ्यावा, तेव्हाही घड्याळ लावू नये. वेग हा समजण्याच्या मागून येतो. आधी वेग आणि मग समज, असा उलटा क्रम लावणाऱ्यांच्या हाती केवळ सराव-परीक्षांचे गुणपत्रक राहते. सराव-परीक्षा अखेरच्या तीन-चार महिन्यांत पुरेशा आहेत, आणि त्याही चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण वहीत लिहून. ‘क्लॅट’ डिसेंबरात होते, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. तेव्हा ही वही अकरावीच्या जूनमध्ये उघडली, तर दोन्हींना पुरेसा अवकाश मिळतो. बारावीच्या दिवाळीत उघडली, तर मिळत नाही.